मुलांसाठी स्त्रीचरित्र लिहायला बसताय? आधी तिचं पत्र वाचा

३ जानेवारी जवळ आली की शाळाशाळांतून भाषणांची तयारी सुरू होते. "आदरणीय व्यासपीठ, पूज्य गुरुजन वर्ग आणि माझ्या बालमित्रांनो" म्हणून चौथीतली मुलगी उभी राहते आणि सावित्रीबाईंवरच्या पाठ केलेल्या दहा-बारा ओळी एका दमात म्हणून टाकते. टाळ्या होतात. अशाच एका कार्यक्रमानंतर मी एका मुलीला विचारलं, "सावित्रीबाई शाळेत काय शिकवायच्या गं?" ती गप्प झाली आणि बाईंकडे बघू लागली. तिच्या भाषणात थोर होतं, महान होतं, क्रांतिज्योती होतं. फळ्यापाशी उभी असलेली सावित्रीबाई मात्र कुठेच नव्हती.

त्या दिवसापासून मी मुलांसाठी छोटी चरित्रं लिहितो आहे. तुम्ही शिक्षक असाल, पालक असाल, नुकतं लिहायला लागलेले असाल आणि असं एखादं पुस्तक आपण करावं असं मनात असेल, तर मी ज्या क्रमाने काम करतो तो इथे सांगतो. उदाहरण म्हणून डॉ. आनंदीबाई जोशींना शेवटपर्यंत सोबत ठेवू. अधूनमधून इतरही येतील.

आधी माप ठरवा

आठ ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी २४ पानांची पुस्तिका पुरे. मजकूर दीड ते दोन हजार शब्द. पिना मारून बांधायची पुस्तिका असेल तर पानं चारच्या पटीत लागतात, त्यामुळे २२ किंवा २६ असा हिशेब करू नका, छापताना अडचण येते. एका पानावर साठ ते ऐंशी शब्द आणि बाकी चित्र, असं धरून चला. सगळं आयुष्य एवढ्यात बसत नाही. तसा प्रयत्न केला की सनावळी तयार होते, गोष्ट होत नाही.

पहिली पायरी : जिचे स्वतःचे शब्द शिल्लक आहेत तिला निवडा

हा माझा सगळ्यात ठाम सल्ला आहे. पहिल्या पुस्तकासाठी अशी स्त्री घ्या, जिने स्वतः लिहिलेलं काहीतरी आज वाचायला मिळतं. एक पत्र, एक निबंध, एक भाषण, काहीही चालेल. तिच्याविषयी इतरांनी लिहिलेलं नंतर वाचा.

आपल्याकडे अशा स्त्रिया पुष्कळ आहेत. सावित्रीबाईंची जोतीरावांना लिहिलेली पत्रं आहेत. त्यातलं २९ ऑगस्ट १८६८ चं नायगावहून लिहिलेलं पत्र मुलांना वाचून दाखवलं की वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल. गणेश नावाचा पंचांग सांगणारा ब्राह्मण तरुण आणि एक दलित मुलगी यांचं प्रेम जमलं, म्हणून गाव त्यांना मारायला निघालं होतं. सावित्रीबाई धावत तिथे गेल्या, इंग्रज सरकारच्या कायद्याची भीती घातली आणि दोघांचे जीव वाचवले. हे त्या नवऱ्याला पत्रातून कळवतायत. स्तुतीची पन्नास विशेषणं या एका पत्रापुढे फिकी पडतात.

रखमाबाईंनी १८८५ साली 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'एक हिंदू स्त्री' एवढीच सही करून बालविवाहावर पत्रं लिहिली. पंडिता रमाबाईंचं लेखन आहे. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवेचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला, तेव्हा ती जेमतेम चौदा वर्षांची होती. तुमच्या वाचकाची मोठी बहीण शोभावी एवढी.

अहिल्याबाई होळकर किंवा झाशीच्या राणीवर लिहू नका असं मी म्हणत नाही. पण त्यांच्याभोवती दंतकथा इतक्या दाट आहेत की नवख्या माणसाला त्यातून वाट काढणं जड जातं. राणीवर लिहायचंच असेल तर वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचं प्रवासवर्णन हाताशी ठेवा. झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरात होते.

दुसरी पायरी : दोन रकान्यांची वही

दोनशे पानी साधी वही घ्या. प्रत्येक पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे 'घडलेलं', उजवीकडे 'लोक सांगतात'. वाचताना जे मिळेल ते यापैकी एकीकडे जायलाच हवं आणि पुढे ते कुठे वाचलं, हे लिहायलाच हवं. आळस केलात तर तीन महिन्यांनी एकेका वाक्यासाठी चार-चार पुस्तकं पुन्हा उपसावी लागतात.

अहिल्याबाईंच्या मुलाच्या रथाखाली वासरू चिरडलं आणि आईने त्यालाही तशीच शिक्षा सुनावली, ही इंदूरच्या आडा बाजाराशी जोडलेली गोष्ट उजव्या रकान्यात. तिचं राज्य महेश्वरातून चालत होतं, हे डाव्या. उजव्या रकान्यातलं सगळं टाकून द्यायचं असं नाही. लोकांना एखाद्या राणीविषयी अशी गोष्ट सांगाविशी वाटली, यातही काही सांगण्यासारखं आहे. फक्त पुस्तकात ते "लोक अशी गोष्ट सांगतात" असं म्हणून आलं पाहिजे. आठ वर्षांच्या मुलाला हा फरक कळतो. आजीची गोष्ट आणि घरातला फोटो यातला फरक त्याला कळतोच की.

डाव्या रकान्यातही आकडेमोड स्वतः करा. आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा, माहेरचं नाव यमुना. अमेरिकेला जायला त्यांनी कलकत्ता सोडलं ७ एप्रिल १८८३ ला, म्हणजे अठरा वर्षं पूर्ण होऊन एक आठवडा झालेला. पदवी मिळाली ११ मार्च १८८६ ला, तेव्हा एकविसावा वाढदिवस वीस दिवसांवर होता. मृत्यू २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात. पुष्कळ ठिकाणी "वयाच्या बाविसाव्या वर्षी" लिहिलेलं असतं आणि मुलं त्याचा अर्थ बावीस वर्षांची असताना असा घेतात. त्यांना बावीस पूर्ण झालीच नव्हती. मुलं हे हिशेब बोटांवर करून बघतात, म्हणून तारखा नीट द्या.

साहित्य कुठे मिळेल? तालुक्याच्या ग्रंथालयापासून सुरुवात करा आणि तिथल्या जुन्या कपाटांकडे ग्रंथपालांना घेऊन जा. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने फुले दांपत्याचं समग्र वाङ्मय छापलेलं आहे आणि मंडळाची कितीतरी पुस्तकं संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात. काशीबाई कानिटकरांनी आनंदीबाईंचं चरित्र त्यांच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, १८८९ मध्ये लिहून काढलं. एका मराठी बाईने दुसऱ्या मराठी बाईवर लिहिलेलं इतकं जुनं, इतक्या जवळचं पुस्तक आपल्याला मिळतंय, हे आपलं भाग्य. आनंदीबाई जिथे शिकल्या त्या फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची कागदपत्रं आता तिथल्याच ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत आणि त्यातली काही घरबसल्या पाहता येतात. अर्जासोबतचं पत्र वाचाच. मित्रांचा आणि जातीचा विरोध पत्करून इथवर आले, तो निश्चयच मला पुढे नेईल, असं त्या लिहितात. माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला शिकायचंय, असंही लिहितात. हे वाचल्यावर "आनंदीबाई जिद्दी होत्या" असं वाक्य लिहायला हात धजणार नाही.

आणि हक्कांचं भान ठेवा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी लेखन सर्वांसाठी खुलं होतं. काशीबाई १९४८ साली गेल्या, त्यांचं पुस्तक खुलं आहे. मात्र जुन्या पत्राचा अलीकडे कोणी केलेला अनुवाद खुला नसतो. मूळ पत्र घ्या आणि मराठी तुम्ही करा. कादंबरी आणि चित्रपटातले प्रसंग तर उचलूच नका, ते लेखकाच्या कल्पनेतले असतात आणि आपल्या डोक्यात इतके घट्ट बसलेले असतात की घडलेलेच वाटतात.

तिसरी पायरी : दार कुठलं उघडायचं

"आनंदीबाईंचा जन्म कल्याण येथे झाला" असं पहिलं वाक्य लिहिलंत तर मूल पान उलटून चित्रं बघायला लागेल. जन्म सगळ्यांचाच झालेला असतो.

वहीतून एक असा प्रसंग शोधा, ज्यात काहीतरी अचानक जुळून येतं किंवा बिनसतं. माझी सुरुवात अशी होती :

"अमेरिकेत रोझेल नावाचं गाव आहे. तिथे कार्पेंटरबाई राहायच्या. १८८० साली एक दिवस त्या दाताच्या डॉक्टरांकडे गेल्या. नंबर यायला वेळ होता. म्हणून त्यांनी तिथलं एक मासिक चाळायला घेतलं. त्यात हिंदुस्थानातल्या एका पोस्टातल्या कारकुनाचं पत्र छापलं होतं. माझ्या बायकोला शिकायचं आहे, असं त्यात लिहिलं होतं. ती बायको तेव्हा पंधरा वर्षांची होती. कार्पेंटरबाईंनी तिला पत्र पाठवायचं ठरवलं."

यातलं सगळं घडलेलं आहे. दात दुखणं मुलांना ओळखीचं आहे, वाट बघणं ओळखीचं आहे. तिथून ती सात समुद्रापलीकडे आणि दीडशे वर्षं मागे आपोआप जातात. पुढे या दोघींची पत्रापत्री सुरू झाली, आनंदी त्यांना मावशी म्हणू लागली आणि अमेरिकेत उतरल्यावर त्यांच्याच घरी गेली. गोष्टीचा धागा तुमच्या हातात आलेला असतो.

चौथी पायरी : विशेषणं खुडा, कर्ता तपासा

पहिला खर्डा झाला की लाल पेन घ्या. थोर, महान, तेजस्वी, असामान्य, रणरागिणी, त्यागमूर्ती असे शब्द दिसतील तिथे खूण करा. प्रत्येक खुणेच्या जागी तिने काय केलं ते लिहा. काही केलेलं सापडलं नाही तर ते वाक्यच काढा.

"रखमाबाई अत्यंत धैर्यशील होत्या." हे काढलं. त्या जागी : "अकरा वर्षांची असताना रखमाचं लग्न लावलं होतं. मोठी झाल्यावर ती म्हणाली, या माणसाकडे मी राहायला जाणार नाही. नवरा कोर्टात गेला. १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. ती म्हणाली, मी तुरुंगात जाईन." धैर्य हा शब्द वाचणारं मूल स्वतःच शोधून आणतं. शेवटी नवऱ्याला दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली, रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरतेला रुग्ण तपासू लागल्या, हे पुढच्या पानावर.

'पहिली' हा शब्दही जपून. भारतातली पहिली स्त्री डॉक्टर म्हणून आनंदीबाईंचं नाव घेतलं जातं, पण त्याच १८८६ साली कलकत्त्यात कादंबिनी गांगुलीही डॉक्टर झाल्या आणि पुढे कितीतरी वर्षं त्यांनी रुग्ण तपासले. आनंदीबाईंना ते नशिबी नव्हतं. "पहिली" म्हटलं की मूल ते स्पर्धेसारखं ऐकतं आणि दुसऱ्या क्रमांकाची बाई त्याच्या लेखी उरत नाही. एकाच वर्षी देशाच्या दोन टोकांच्या दोन मुली डॉक्टर झाल्या, हे सांगायला जास्त छान आहे.

आता दुसरी तपासणी, जी मला फार उशिरा सुचली. प्रत्येक वाक्याचा कर्ता कोण आहे ते मोजा. आनंदीबाईंच्या माझ्या पहिल्या खर्ड्यात पहिल्या आठ पानांवर बहुतेक वाक्यं अशी होती : गोपाळरावांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, तिला शिकवलं, गोपाळरावांनी तिला मुंबईला नेलं, गोपाळरावांनी पत्र लिहिलं, गोपाळरावांनी तिला अमेरिकेला पाठवलं. चरित्र तिचं आणि हालचाल सगळी त्यांची. ते सगळं खरंही होतं. पण ती त्या वेळी काय करत होती, हे मी शोधलंच नव्हतं. सावित्रीबाईंवरच्या पुस्तकांतही हे सर्रास होतं.

म्हणून मी पुन्हा वही उघडली आणि श्रीरामपूरच्या भाषणाकडे गेलो. हे कलकत्त्याजवळचं श्रीरामपूर, आपलं नगरकडचं नव्हे, तेही मुलांना सांगून टाका. लोक इतके प्रश्न विचारत होते, इतकी नावं ठेवत होते की २४ फेब्रुवारी १८८३ ला तिथल्या कॉलेजात आनंदी सगळ्यांसमोर उभी राहिली आणि एकेक प्रश्न घेऊन इंग्रजीत उत्तरं देत गेली. अमेरिकेलाच का? हिंदुस्थानात शिकायची सोय नाही का? एकटी का जातेस? परत आल्यावर जातीबाहेर टाकतील त्याचं काय? काही वाईट झालं तर? कुठल्या बाईने केलं नाही ते तूच का करतेस? हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येऊन राहीन, असं तिने सांगितलं. अजून अठरा पूर्ण व्हायची होती ती. पुस्तकात आम्ही हे दोन पानांवर प्रश्नोत्तरासारखं मांडलं आणि मुलांना तेच सगळ्यात आवडलं. एक मुलगा प्रश्न विचारतो, एक मुलगी आनंदी होते, वर्गात त्याचं नाटुकलंच होतं.

पाचवी पायरी : जे सांगायला जीभ अडखळते ते

इथे घाई करू नका. या पायरीला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

नऊ वर्षांच्या मुलीचं वीस वर्षांनी मोठ्या माणसाशी लग्न. चौदाव्या वर्षी बाळंतपण, आणि ते बाळ दहा दिवसांत गेलं. शिकवताना नवऱ्याची मारहाण. शेवटी क्षय आणि मृत्यू. आठ वर्षांच्या वाचकासमोर हे कसं ठेवायचं? अनेक जण सरळ गाळतात. मग आनंदी डॉक्टर व्हायला का निघाली, हेच मुलांना कळत नाही. बाळाला आणि बाळंतिणीला बघायला बाई डॉक्टर नव्हती, हे तिच्या सगळ्या आयुष्याचं कारण आहे. कारण काढून टाकलं की उरते नुसती हुशार मुलगी.

मी तीन नियम पाळतो. साधं वाक्य, एकदाच, आणि लगेच पुढे तिने काय केलं ते. "आनंदीला बाळ झालं. ते दहा दिवस जगलं." बस. दुःखाचं वर्णन करत बसायचं नाही, चित्रात रडणारी आई काढायची नाही.

मारहाणीबद्दल मला बरेच दिवस ठरवता येत नव्हतं. गोपाळरावांना खलनायक केलं तर ते खोटं, आणि प्रेमळ गुरुजी केलं तर तेही खोटं. वाट आनंदीनेच दाखवली. अमेरिकेतून तिने नवऱ्याला पत्रात स्पष्ट लिहिलं आहे : दहा वर्षांची असताना तुम्ही मला लाकडाच्या तुकड्यांनी मारलंत, बाराव्या वर्षी खुर्च्या आणि पुस्तकं फेकून मारलीत. मग पुस्तकात आम्ही लिहिलं : "अभ्यासावरून गोपाळराव आनंदीला मारायचे. मोठी झाल्यावर तिने त्यांना पत्र लिहून ते चुकीचं होतं हे सांगितलं." मारणं लपलं नाही आणि मुलांच्या हाती तिचं सांगणंही आलं. ज्या मुलांना घरी मार बसतो तीही हे पुस्तक वाचणार आहेत, हे लिहिताना मनात ठेवा.

जातीविषयीही तेच. मुक्ता साळवेवर लिहिताना "गरीब कुटुंबातील मुलगी" असं लिहून चालणार नाही. ती मांग जातीची होती आणि निबंधाचं नावच मांग-महारांच्या दुःखाविषयी आहे. पेशवाईत तालीमखान्यासमोरून मांग-महार गेला तर गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या शिराचा चेंडू आणि तलवारीचा दांडू करून खेळत, असं त्या चौदा वर्षांच्या मुलीने लिहून ठेवलंय. हे वाक्य सातवी-आठवीच्या मुलांना जसंच्या तसं द्यावं. चौथीच्या मुलांसाठी निबंधातला दुसरा भाग निवडा, पण तिचा राग पातळ करू नका. आणि तो निबंध संपला की मुक्ताची खात्रीची माहितीही जवळजवळ संपते. तिचं लग्न, संसार, म्हातारपण असं काही रचून जोडायचा मोह होतो, तो आवरा. तिच्या पुस्तकाचं शेवटचं पान आम्ही कोरं ठेवलं आणि खाली एवढंच लिहिलं : "यापुढची मुक्ताची गोष्ट कोणी लिहून ठेवली नाही."

सहावी पायरी : ती की त्या, आणि बाकी भाषेचं

मराठीत लिहिताना हा प्रश्न पहिल्या पानालाच येतो. लहानपणी "ती" आणि मोठेपणी "त्या" करायचं, तर मोठेपण कधी सुरू झालं? लग्नाला? आगबोटीत चढताना? मी पुस्तकभर "ती"च ठेवतो. आई, आजी, देवी यांना आपण "ती"च म्हणतो, त्यात अनादर नाही. काही शिक्षकांना ते खटकतं, सावित्रीबाईंच्या बाबतीत तर फारच. तुम्हाला "त्या" हवं असेल तर जरूर करा, पण मग पहिल्यापासून शेवटपर्यंत तेच ठेवा.

नावं बदलतात तेही सांगा. यमुना लग्नानंतर आनंदी झाली, हे पहिल्या दोन-तीन पानांत आलं नाही तर मुलं दोन वेगळ्या मुली समजतात.

संवाद फक्त लिहिलेल्या पुराव्यावरून द्या. अवतरणचिन्हात घातलेलं वाक्य तिने खरोखर बोललेलं किंवा लिहिलेलं हवं. बाकी ठिकाणी प्रश्न करा : "बोट सुटली तेव्हा तिला भीती वाटली असेल का?" मुलं उत्तर देतात, तुम्हाला ते रचावं लागत नाही.

वाक्यं छोटी. जोडाक्षरांचे डोंगर नकोत, "प्रतिकूल परिस्थितीवर मात" वगैरे तर नकोच. तार, आगबोट, सोवळं, आलवण असे शब्द मात्र टाळू नका, ते गोष्टीतच उलगडा.

सातवी पायरी : चित्रकाराला काय सांगाल

चित्रकाराला नुसता मजकूर देऊ नका, वस्तूंची यादी द्या. साल, कापड, दिवा, टपालाचं तिकीट, बोट.

आनंदीबाईंच्या बाबतीत साडीकडे नीट लक्ष द्यावं लागतं. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात आणि अमेरिकेतली थंडी, त्यात लोकांच्या नजरा. म्हणून तिथे तिने गुजराती पद्धतीने, पाय झाकणारी साडी नेसायला सुरुवात केली. नेसण बदललं, साडी सोडली नाही. चित्रात कल्याणची आनंदी आणि फिलाडेल्फियाची आनंदी यांचं नेसण वेगळं दिसलं की मुलं विचारतातच, "हिची साडी अशी का?" आणि अख्खी गोष्ट त्या एका प्रश्नातून सांगता येते.

१८८५ सालचा एक फोटो जरूर छापा. त्यात तिघी आहेत : आनंदी, जपानची केइको ओकामी आणि दमास्कसची सबत इस्लामबुली. तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. मुलं त्या फोटोवर कितीतरी वेळ रेंगाळतात.

एक नकाशाही हवा. कल्याण, अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर, मग समुद्रमार्गे ४ जून १८८३ ला न्यूयॉर्क, पुढे फिलाडेल्फिया आणि परत. मुलं बोट फिरवत हा प्रवास करतात. आनंदीच्या अस्थी कार्पेंटर मावशींकडे पाठवल्या होत्या, त्या न्यूयॉर्क राज्यात पोकीप्सीच्या दफनभूमीत आहेत. तिकडे राहणाऱ्या मराठी घरांनी मुलांना घेऊन जावं अशी ही जागा आहे. आणि शुक्र ग्रहावरच्या एका विवराला जोशी हे नाव तिच्यावरून दिलेलं आहे. शेवटच्या पानासाठी याहून चांगलं चित्र मला सुचलेलं नाही.

आठवी पायरी : छापण्याआधी वाचून दाखवा

छापखान्यात जाण्यापूर्वी चार-पाच मुलं जमवा. आपल्या घरातली नकोत, ती लाजून छान म्हणतात. वाचताना त्यांच्याकडे बघा, कागदाकडे कमी. कुठल्या पानाला कोणी चपलेशी खेळायला लागलं, तिथे पेन्सिलीने टिंब करा. तीन मुलांची टिंबं एकाच पानावर आली तर ते पान पुन्हा लिहा. वाचून झाल्यावर "आवडलं का?" विचारू नका. "कुठलं पान पुन्हा वाचू?" विचारा.

तज्ज्ञालाही एकदा दाखवा, निदान इतिहास शिकवणाऱ्या एखाद्या प्राध्यापकाला. तारखांच्या चुका तिथे सापडतात. पण मुलांना जे दिसतं ते मोठ्यांना दिसतंच असं नाही.

आनंदीची पुस्तिका मी एका छोट्या गावातल्या शाळेत वाचत होतो. बाळाच्या पानापाशी दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. "बाळाचं नाव काय होतं?" तिने विचारलं. मी वहीत बघू लागलो, डावीकडे, उजवीकडे. तेवढ्यात तिच्या शेजारची म्हणाली, "नाव नसेल गं ठेवलं. बारसं बाराव्या दिवशी असतं."

वर्ग गप्प झाला. बाळ दहाच दिवस जगलं, हे मी कितीदा वाचलं होतं, स्वतः लिहिलं होतं. त्या संध्याकाळी त्या पानावर एक ओळ वाढवली आणि मगच प्रत छापायला दिली : "बाराव्या दिवशी बारसं असतं. तोवर बाळ राहिलं नाही."